मग पुढे काय झाले?

देवळात कीर्तन रंगात आले आहे. पूर्वरंग आटोपून बुवांनी आग्र्याहून सुटकेचे आख्यान लावले आहे. मिठाईचे पेटारे बाहेर निघाले आहेत, आणि त्यांतील एका पेटाऱ्यात कोण आहे हे श्रोत्यांना ठाऊक आहे. दरवाजावरच्या पहारेकऱ्याला आज काय लहर आली कोण जाणे, तो पुढे होतो, पेटारा खाली ठेवावयास सांगतो, झाकणाला हात घालतो, आणि नेमक्या याच क्षणी बुवा थांबतात. चिपळ्या वाजू लागतात, नामाचा गजर सुरू होतो. श्रोते तोंडाने गजर करीत असतात, पण त्यांचे मन पेटाऱ्यापाशी अडकून पडलेले असते.

आता यातील गंमत पाहा. महाराज १६६६ साली आग्र्याहून सुखरूप निसटले, हे त्या सभामंडपातील लहान मुलालाही माहीत असते. कित्येकांनी हेच आख्यान चार वेळा ऐकलेले असते. तरीसुद्धा पहारेकऱ्याचा हात झाकणाकडे गेला की श्वास रोखला जातो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या अखेरीकडे शोधू. तत्पूर्वी ज्या भावनेने आपला श्वास रोखला, तिची ओळख करून घेतली पाहिजे.

त्या भावनेला आपण उत्कंठा म्हणतो. हा शब्द संस्कृतातून आला आहे. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा, मान. वाटेकडे डोळे लावून बसलेले माणूस मान उंच करून पाहते, तेच चित्र या शब्दात आहे. इंग्रजीत या भावनेला ‘सस्पेन्स’ म्हणतात. त्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘टांगून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपल्या बोलीत ‘जीव टांगणीला लागला’ असा वाक्प्रचार आहेच. लॅटिन बोलणारे लोक आणि आपल्या घरातील आजी यांची कधी गाठ पडली नसेल. परंतु एकाच अनुभवासाठी दोघांना एकच उपमा सुचली. यावरून हा अनुभव किती जुना आणि किती सार्वत्रिक असला पाहिजे, याची कल्पना येते.

गोष्ट सांगणाऱ्यांनी या भावनेचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. अरबी कथांमधील शहाजादीचे तर प्राणच तिच्यावर अवलंबून होते. दररोज एका नववधूचा वध करणाऱ्या क्रूर राजाशी तिचा विवाह झाला. ती रात्री गोष्ट सांगू लागे आणि पहाट होताच ऐन रंगात आलेली गोष्ट अर्धवट सोडून देई. पुढे काय झाले हे ऐकावयाचे असेल, तर राजाला तिला आणखी एक दिवस जिवंत ठेवावेच लागे. अशा एक हजार एक रात्री गेल्या. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेल्या भाषांतरामुळे या कथा ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने मराठी घरांत पोहोचल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत या शहाजादीचे उदाहरण घेतले आहे. तिच्या अंगी कथाकाराचे अनेक गुण होते, परंतु तिला वाचविले ते एका उत्कंठेने, असे त्यांचे म्हणणे आहे.

छापखाना आल्यावर शहाजादीची पहाट नियतकालिकांनी उचलली. चार्ल्स डिकन्स यांची ‘दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही कादंबरी १८४० व १८४१ या वर्षांत साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत होती. तिच्यातील नेल नावाची मुलगी जगली की मेली, हे विलायतेहून येणाऱ्या जहाजावरील लोकांना विचारण्यासाठी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर माणसांची गर्दी होई, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होत, आणि ‘पुढे चालू’ हे दोन शब्द वाचकाला आठवडाभर पुरत.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुष्कळ मोठी माणसेही त्यात घोटाळा करतात. रहस्य आणि उत्कंठा या दोन गोष्टी एक नव्हेत. खून कोणी केला, हार कोठे गेला, बंद खोलीत चोर शिरला कसा, हे प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीविषयी आहेत. त्यांत कोड्याची मौज असते आणि बुद्धीला चालना मिळते. शेरलॉक होम्सच्या कथा या प्रकारात मोडतात. बाबुराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना रात्री जागविले, त्यांच्या कथांतही रहस्याचा भाग मोठा आहे. उत्कंठेचा प्रश्न मात्र पुढच्या काळाविषयी असतो. आता काय होणार? हा वाचेल का? ती वेळेवर पोहोचेल का? रहस्यात लेखक आपल्यापासून काही लपवितो. उत्कंठेत तो बहुधा आपल्याला काही अधिक सांगून ठेवतो. चांगल्या कथेत ही दोन्ही एकत्र नांदतात, हे खरे. तरीही अभ्यास करताना ती निराळी काढून पाहावीत.

‘अधिक सांगून ठेवतो’ हे वाचून तुम्ही चकित झाला असाल. गोष्ट रंगवायची म्हणजे लपवायचे, अशी आपली सामान्य समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे आल्फ्रेड हिचकॉक या चित्रपट-दिग्दर्शकाने एका साध्या उदाहरणाने दाखवून दिले. हिचकॉक यांचा जन्म १८९९ साली लंडनमध्ये झाला. १९६२ साली फ्रान्सवा त्रुफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. ती १९६६ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. त्या मुलाखतीतील हे उदाहरण आहे.

समजा, दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारीत आहेत. गप्पा अगदी सामान्य आहेत. एकाएकी टेबलाखाली बाँबचा स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, परंतु हा धक्का क्षणभराचा, फार तर पंधरा सेकंदांचा. आता तोच प्रसंग दुसऱ्या रीतीने मांडू. टेबलाखाली बाँब ठेवताना प्रेक्षकांनी पाहिले आहे. तो एक वाजता उडणार हे त्यांना ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे. आता त्या दोघांच्या त्याच निरर्थक गप्पा प्रेक्षक जिवाचा कान करून ऐकतो. ‘अरे, उठा तेथून!’ असे ओरडून सांगावे असे त्याला वाटते. पहिल्या रीतीने पंधरा सेकंदांचा धक्का मिळाला, दुसऱ्या रीतीने पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळाली. बाँब तोच, माणसे तीच. फरक पडला तो प्रेक्षकाला काय ठाऊक आहे यामुळे.

तेव्हा उत्कंठेचा पहिला आधार म्हणजे ज्ञान. परंतु नुसत्या ज्ञानाने भागत नाही. टेबलाशी बसलेल्या त्या दोन माणसांविषयी आपल्याला काहीच वाटत नसेल, तर बाँब उडाला काय आणि न उडाला काय! ज्यांच्याविषयी जीव तुटतो, त्यांच्याविषयीच जीव टांगणीला लागतो. हा दुसरा आधार अधिक महत्त्वाचा आहे, आणि सामान्य प्रतीच्या लेखकांना तो सहसा साधत नाही. ते पहिल्याच पानावर माणूस मारतात आणि वाचकाने हळहळावे अशी अपेक्षा करतात.

तो कसा साधतो हे पाहावयाचे असेल, तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’, म्हणजे ‘माकडाचा पंजा’, ही कथा वाचावी. उच्च माध्यमिक वर्गांत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ती देशोदेशी ठेवली जाते. तिच्यातील इंग्रजी फार अवघड नाही. आणखी चार वर्षांनी तुम्हांला ती सहज वाचता येईल.

बाहेर थंडी आहे, पाऊस आहे. घराच्या आत शेगडी पेटली आहे. व्हाइट नावाचे वृद्ध गृहस्थ आपला मुलगा हर्बर्ट याच्याशी बुद्धिबळ खेळत आहेत आणि म्हातारी आई शेगडीपाशी विणकाम करीत बसली आहे. वडील आपल्या राजाला नसत्या धोक्यात घालतात आणि चूक ध्यानात आल्यावर मुलाचे लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून वाऱ्यापावसाच्या गोष्टी काढतात. मुलाला ते कळतेच. या खेळकर प्रसंगाला जेकब्सने किती थोडी जागा दिली आहे! पण तेवढ्यात या तिघांचे एकमेकांवरील प्रेम आपल्याला कळून चुकते, आणि उगीच धोका पत्करण्याचा वडिलांचा स्वभावही कळतो. गोष्ट पुढे गेल्यावर हा राजाचा डाव आठवतो.

इतक्यात हिंदुस्थानात एकवीस वर्षे नोकरी करून आलेला मॉरिस नावाचा लष्करी माणूस घरी येतो. त्याच्यापाशी माकडाचा वाळलेला पंजा आहे. एका फकिराने तो मंत्रून ठेवला आहे. नशीब माणसाचे आयुष्य चालविते आणि जो त्यात ढवळाढवळ करील त्याला पस्तावावे लागेल, हे त्या फकिराला दाखवावयाचे होते. पंजाकडे तिघा माणसांना प्रत्येकी तीन मागणी मागता येतात. पहिल्या माणसाची पहिली दोन मागणी कोणती होती हे मॉरिसला ठाऊक नाही. तिसरे मागणे मात्र मरणाचे होते. एवढे सांगून मॉरिस तो पंजा शेगडीत फेकतो. व्हाइट तो झटकन बाहेर काढतात.

येथे लेखकाने टेबलाखाली बाँब ठेवला. ज्याने पंजा वापरला त्याने शेवटी मरण मागितले, हे आपण ऐकले आहे. व्हाइटांनीही ऐकले आहे, पण त्यांना ते पुरेसे ऐकू आलेले नाही. घराचे देणे फिटावे म्हणून ते दोनशे पौंड मागतात. पैसे कोठूनही पडत नाहीत. हर्बर्ट थट्टा करतो. सकाळ होते, उन्हात आदल्या रात्रीची भीती हास्यास्पद वाटते. हर्बर्ट कारखान्यात कामाला जातो.

पुढचा प्रसंग मी वर्गात कितीतरी वेळा वाचून दाखविला असेल, आणि प्रत्येक वेळी वर्ग तेथे चिडीचूप झालेला पाहिला आहे. घराबाहेर एक अनोळखी, नीटनेटक्या पोशाखातला माणूस घुटमळतो आहे. तो तीनदा फाटकापाशी थबकतो आणि पुढे जातो. चौथ्या वेळी मनाचा हिय्या करून फाटक उघडतो. आईला वाटते, दोनशे पौंडांचीच वार्ता आली असावी. आणि ती त्याचीच वार्ता असते. हर्बर्ट यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी नाकारते, पण मुलाच्या नोकरीची जाणीव ठेवून काही रक्कम देऊ करते. रक्कम किती, हे आता सांगावयास नकोच.

फाटकापाशी तीनदा थबकलेला तो माणूस हा जेकब्सच्या कलेचा मोठा पुरावा आहे. त्याला ताबडतोब आत आणले असते, तरी कथानकात काहीच उणे पडले नसते. परंतु त्याच्या घुटमळण्याने आपल्याला विचार करावयास वेळ मिळतो. आईच्या आधी आपल्याला कळते, आणि ती मात्र त्या माणसाला आशेने पाहत राहते. विलंब हा उत्कंठेचा तिसरा आधार होय. तो नेमका हवा तेवढाच असावा लागतो. उगीच लांबविलेला विलंब वाचकाला चीड आणतो आणि तो चार पाने उलटून पुढे जातो.

कथेचा तिसरा भाग रात्रीचा आहे. मुलाला पुरून काही दिवस झाले आहेत. आईला एकदम आठवते, की अजून दोन मागणी शिल्लक आहेत. वडिलांची इच्छा नसताना ती त्यांना दुसरे मागणे मागावयास लावते. मुलगा परत यावा. बराच वेळ काहीच होत नाही, मेणबत्तीही विझून जाते. आणि मग दारावर हलकीशी थाप पडते.

आई धावत खाली जाते. दाराच्या वरच्या कडीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही, म्हणून ती खुर्ची ओढते. इकडे वडील अंधारात जमिनीवर हात फिरवीत पंजा शोधत आहेत, कारण मुलाचे शरीर यंत्राने काय करून टाकले होते, हे त्यांनी पाहिले आहे, आईने पाहिलेले नाही. थाप जोरजोराने पडू लागते. कडी आधी निघणार, की पंजा आधी सापडणार?

यापुढे काय झाले ते मी सांगणार नाही. उत्कंठेवरील पाठात शेवट सांगून टाकणे म्हणजे मोदकातले सारण काढून पारी वाढण्यासारखे आहे. एवढेच सांगतो, की दाराबाहेर काय उभे होते, याचे एका शब्दानेही वर्णन जेकब्सने केलेले नाही. पण या प्रसंगी आपण कोणाच्या बाजूला असतो, याचा मात्र विचार करा. आईने दार उघडावे असे वाटते, कारण आईची माया आपल्याला कळते. दार उघडू नये असेही वाटते, कारण वडिलांची भीती आपल्याला कळते. येथे दुष्ट माणूस कोणीच नाही. एकाच मुलावर प्रेम करणारी दोन माणसे एकमेकांविरुद्ध धडपडत आहेत आणि आपले मन दोन्हीकडे ओढले जात आहे. भुताखेतांच्या शेकडो कथा विस्मृतीत गेल्या, परंतु ही राहिली, याचे कारण माझ्या मते हेच आहे.

आता चित्रपटाकडे वळू. लेखकाजवळ शब्द असतात. दिग्दर्शकाजवळ चित्र, ध्वनी आणि संकलन असते. संकलन म्हणजे निरनिराळे चित्रित तुकडे जोडण्याची कला. अमेरिकेतील डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ सालच्या ‘द लोनली व्हिला’ या मूकपटात तिचा परिणामकारक उपयोग केला. चोर घराचे दार फोडीत आहेत, आत आई व मुली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे हटत आहेत, आणि दूरवरून घरधनी मदत घेऊन दौडत येत आहे. ही तीन ठिकाणची दृश्ये आलटून पालटून दाखविली, की प्रेक्षक मनातल्या मनात शर्यत मोजू लागतो. आज तुम्ही पडद्यावर जो जो पाठलाग पाहता, त्यात ही युक्ती असतेच. राजा परांजपे यांच्या १९६४ सालच्या ‘पाठलाग’ चित्रपटाचे तर नावच तसे आहे. त्याची कथा इतकी पकड घेणारी ठरली, की १९६६ साली तीवरून ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट निघाला.

छापील कथा आणि चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, की दोन्हींची बलस्थाने स्पष्ट होतात. हिचकॉक यांचा ‘रिअर विंडो’ हा १९५४ सालचा चित्रपट कॉर्नेल वुलरिच यांच्या १९४२ सालच्या एका कथेवर आधारलेला आहे. एक माणूस खोलीत जखडून पडला आहे, आणि समोरच्या इमारतीतील शेजाऱ्याने पत्नीचा खून केला असावा असा संशय त्याला खिडकीतून पाहता पाहता येतो. कथेत हा माणूस स्वतःच गोष्ट सांगतो. तो जागचा हलत नाही, एवढे आपल्याला दिसते. परंतु त्याचा पाय मोडलेला आहे, हे लेखक अगदी शेवटास उघड करतो. शब्दांना असे लपविता येते. चित्रपटात मात्र प्लॅस्टरमधला पाय आणि चाकांची खुर्ची सुरुवातीलाच डोळ्यांसमोर येतात. मग हिचकॉक यांनी त्या उघड गोष्टीचेच बळ करून घेतले. चित्रपटभर कॅमेरा जवळजवळ त्या खोलीतच राहतो. नायकाला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. त्याची मैत्रीण पुरावा शोधण्यासाठी शेजाऱ्याच्या घरात शिरते. शेजारी परत येतो आहे, हे नायकाला दिसते, तिला दिसत नाही. मध्ये अंगण आहे, पाय मोडलेला आहे. त्याच्या असहाय्यपणाची आणि आपल्या खुर्चीवर बसून राहण्याची येथे एकच गाठ पडते. प्रेक्षक म्हणून आपल्यालाही नेहमी एवढेच करता येते, पाहत राहता येते.

याहून बोधप्रद उदाहरण हिचकॉक यांच्याच १९३६ सालच्या ‘सॅबोटाज’ या चित्रपटाचे आहे. त्याला आधार आहे जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०७ सालच्या ‘द सीक्रेट एजंट’ या कादंबरीचा. लंडनमधील व्हर्लॉक नावाचा गृहस्थ घातपात करणाऱ्यांच्या कटात आहे. बाँब नेण्याच्या कामी तो आपल्या पत्नीच्या निरागस धाकट्या भावाला लावतो.

कादंबरीत स्फोट आपल्यासमोर होत नाही. तो झाल्यानंतर पोलीस तपास करू लागतात, आणि तुकड्या-तुकड्यांनी आपल्याला कळत जाते, की मेला तो तो मुलगा. तेथे उत्कंठा फारशी नाही. आहे ते जड, साचलेले दुःख. चित्रपटात हिचकॉक यांनी टेबलाखालचा बाँबच मुलाच्या हाती दिला. चित्रफितीच्या डब्यांबरोबर पुडके घेऊन स्टीव्ही घराबाहेर पडतो. बाँब १ वाजून ४५ मिनिटांनी उडणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. रस्त्यावर दंतमंजन विकणारा फेरीवाला त्याला धरून त्याच्यावरच आपल्या मालाचे प्रात्यक्षिक करतो. मग नगराध्यक्षांची मिरवणूक आडवी येते. मूल ते, पाहत उभे राहते. नंतर तो बसमध्ये चढतो. बस वाहनांच्या गर्दीत अडकते. शेजारच्या बाईंजवळ कुत्र्याचे पिल्लू आहे, त्याच्याशी तो खेळतो. घड्याळे दिसतात. आणि बाँब उडतो.

पुष्कळ प्रेक्षकांना याचा संताप आला. पुढे हिचकॉक यांनी त्रुफोजवळ कबूल केले, की ही आपली चूक झाली. प्रेक्षकाला एवढे टांगून ठेवल्यावर त्याला सोडविणे आवश्यक होते. वर्गात या मुद्द्यावर वाद घालावा इतका तो महत्त्वाचा आहे. मला स्वतःला हिचकॉक यांचे म्हणणे अर्धेच पटते. मुलाचा मृत्यू दाखविणेच चूक, असे मी म्हणणार नाही. बाँब कोणाच्या हाती आहे हे बाँब पाहत नाही, आणि लोकांच्या जिवाशी खेळणारे कट अखेर निरपराध मुलांवरच येऊन कोसळतात, ही गोष्ट कॉनरॅडला सांगावयाची होती. मुलगा वाचला असता, तर कथेचा अर्थच पालटला असता; पुढे त्याची बहीण जे करते, त्याला कारणच उरले नसते. चूक आहे ती निराळ्या ठिकाणी. फेरीवाला, मिरवणूक, कुत्र्याचे पिल्लू, हे सारे खेळकर आहे. असे खेळकर प्रसंग दाखवून कथाकार प्रेक्षकाला न बोलता वचन देतो, की अखेर सारे ठीक होईल. ते वचन हिचकॉक यांनी मोडले. कॉनरॅडने मुळात असे वचन दिलेच नव्हते. मृत्यू तोच, परंतु कादंबरी वाचून आपण विषण्ण होतो आणि चित्रपट पाहून फसविले गेल्यासारखे वाटते. माझ्या या मताशी तुमचा मतभेद असू शकेल. तसा तो असल्यास दोन्ही बाजू लिहून काढाव्यात.

अलीकडच्या कित्येक चित्रपटांत उत्कंठा म्हणून जे दाखविले जाते, त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. अंधारा जिना, कर्कश संगीत, आणि एकदम अंगावर उडी घेणारे मांजर! याने माणूस दचकतो खरा. परंतु मागून येऊन कानाशी कागदाची पिशवी फोडली तरी माणूस दचकतोच. त्यास कला म्हणता येत नाही.

आता राहिला तो कीर्तनातील पेटाऱ्याचा प्रश्न. शेवट ठाऊक असताना श्वास का रोखला जातो? या प्रश्नावर तत्त्वचिंतकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांचे एकमत झालेले नाही. मला जे उत्तर सुचते ते असे. पेटारा निसटला हे ज्ञान आपल्या स्मरणात असते, परंतु आख्यान ऐकताना आपण स्मरणात राहत नाही. पेटाऱ्याच्या आत, त्या अंधारात बसलेलो असतो. आतल्या माणसाला शेवट ठाऊक नाही. पहारेकऱ्याच्या हाताचा आवाज तेवढा त्याला ऐकू येतो. पावनखिंडीची कथा तर याहून कठीण आहे. १६६० साली बाजीप्रभू खिंडीत धारातीर्थी पडले, हे आपण जाणतो. तरीही विशाळगडावरच्या तोफांचे आवाज त्यांच्या कानी वेळेवर पडावेत, म्हणून आपण प्रत्येक वेळी नव्याने कान टवकारतो. ते वाचणार नाहीत, हे मनाने केव्हाच मान्य केलेले असते. त्यांनी आवाज ऐकावा, एवढीच आस उरलेली असते.

स्वाध्याय

१. ‘उत्कंठा’ आणि ‘जीव टांगणीला लागणे’ यांतील चित्रे आपल्या शब्दांत सांगा.

२. रहस्य आणि उत्कंठा यांतील फरक तुम्ही वाचलेल्या दोन मराठी गोष्टींच्या आधारे स्पष्ट करा.

३. फाटकापाशी तीनदा थबकणारा माणूस जेकब्सने का दाखविला असावा?

४. ‘स्टीव्ही वाचावयास हवा होता’ आणि ‘स्टीव्ही मरणे आवश्यक होते’ या दोन पक्षांपैकी एक निवडून दहा ओळी लिहा. नंतर शेजारच्या विद्यार्थ्याने विरुद्ध पक्ष घेऊन त्यांना उत्तर द्यावे.

५. पुढील प्रसंग दोन रीतींनी लिहा. पहिल्यांदा वाचकाला धक्का बसेल असा, दुसऱ्यांदा उत्कंठा वाटेल असा : परीक्षेला निघालेला मुलगा नदीवरच्या साकवावरून जात आहे, साकवाची मधली फळी कुजलेली आहे.

६. घरातील वडील माणसांपैकी कोणास आठवत असल्यास, एखाद्या कीर्तनकाराने आख्यान नेमके कोठे थांबविले होते, ते विचारून लिहून आणा.